नवतप्यात प्लाय का सुटतात? टिश्यू कन्व्हर्टिंगमधलं ग्लू-बाँडिंग सुधारण्याची पायरी-पायरीने पद्धत

उन्हाळ्यात लग्नसराई लागली की नागपुरात नॅपकिन आणि रोलची मागणी चढते, आणि नेमक्या त्याच दिवसांत प्लाय, म्हणजे टिश्यूचे एकमेकांना जोडलेले थर, सुटायच्या तक्रारी सुरू होतात. पहिला फोन कॅटररचा असतो. "भाऊ, नॅपकिन हातात घेतला का त्याचे दोन होऊन राहिले." आपण शेडमध्ये जाऊन ऑपरेटरला सांगतो, ग्लू वाढव. दोन तासांनी दुसरंच दुखणं समोर येतं. रोल पुठ्ठ्यासारखा कडक झालेला असतो, आतले थर एकमेकांना धरून बसलेले असतात आणि उलगडायला गेलं की कागद फाटतो.

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या टिश्यू कन्व्हर्टिंग युनिटमध्ये, म्हणजे मोठ्या रोलमधून नॅपकिन आणि छोटे रोल बनवणाऱ्या शेडमध्ये, मी सुरुवातीचे दोन उन्हाळे असेच घालवले. ग्लू वाढव, मग कमी कर, मग सप्लायर बदल. तिसऱ्या उन्हाळ्यात कुठे कळलं की मी चुकीच्या डब्याकडे बघत होतो. टिश्यूच्या लॅमिनेशन ग्लूमध्ये, म्हणजे थर जोडायच्या ग्लूमध्ये, बहुतांश पाणीच असतं. खरा चिकट माल, ज्याला आपण सॉलिड म्हणतो, तो शंभरात चार-सहा टक्के असला तरी काम भागतं. त्या पाण्याला तीन कामं करायची असतात. दुसऱ्या प्लायला ओलं करायचं, चिकट पदार्थ तंतूंमध्ये पोचवायचा, आणि मग वेळेवर निघून जायचं. पाणी लवकर गेलं तर ग्लूवर साय धरते आणि तो दुसऱ्या प्लायला पकडत नाही. उशिरा गेलं तर थर ओले राहून सरकतात. नागपूरचं हवामान या दोन्ही बाजूंनी मारतं. मे महिन्यात, त्यातही मेअखेरच्या नऊ तापलेल्या दिवसांच्या नवतप्यात, पारा ४५ च्या वर आणि हवेत ओल नावालाही नाही. २३ मे २०१३ ला तर इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. आणि मृगाचा पाऊस पडला की महिनाभरात तीच शेड चिंब दमट होते.

म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या एकाच प्रश्नाभोवती आहेत: पाणी कुठून येतंय, कुठे जातंय आणि किती वेळात?

सुरुवातीलाच एक खात्री

तुमच्या मालाला ग्लू लागतो का, हे आधी ठरवा. फेशियल टिश्यूचे प्लाय सहसा कडेने दातेरी चाकाने दाबून जोडतात. साध्या टेबल नॅपकिनमध्येही कडेच्या एम्बॉसच्या, म्हणजे दाबून उठवलेल्या नक्षीच्या, दाबावरच थर धरलेले असतात. तिथे प्लाय सुटत असतील तर ते दुखणं चाकाच्या दाबाचं, झिजलेल्या दातांचं किंवा फार कोरड्या कागदाचं असतं. पूर्ण एम्बॉस केलेले जाड नॅपकिन, दोन-तीन प्लायचे टॉयलेट रोल आणि किचन टॉवेल यांत ग्लू येतो. पुढचं सगळं त्यांच्यासाठी आहे.

पायरी १: सुटलेला प्लाय वाचायला शिका

तक्रारीतला तुकडा फेकू नका. उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली तिरका धरून दोन्ही थर हळूहळू सोडवा आणि भिंगातून ग्लूचे ठिपके बघा. दहा रुपयांचं शाळेतलं भिंगही चालतं.

ठिपक्याच्या जागी दुसऱ्या थराचे तंतू उपटून आले असतील तर बाँड चांगला होता. तिथे ग्लूला दोष देऊ नका, ठिपक्यांची संख्या किंवा एम्बॉसची जागा बघा. ग्लू एकाच थरावर गुळगुळीत, चकचकीत पापुद्र्यासारखा बसलेला दिसला आणि समोरचा थर कोरा असला, तर ग्लू पोचायच्या आधीच सुकला किंवा मॅरिंग रोलचा, म्हणजे ग्लू लावल्यावर दोन्ही थर एकत्र दाबणाऱ्या रोलचा, दाब कमी पडला. मे महिन्यातल्या बहुतेक तक्रारी मला या प्रकारच्या दिसल्या. दोन्ही थरांवर काहीच सापडलं नाही तर ग्लू लागलाच नाही, किंवा इतका पातळ होता की कागदाने तो सरळ पिऊन टाकला. तसं असेल तर बाहेरच्या बाजूवर हात फिरवून बघा, ठिपक्यांच्या मागे कडक खरखर लागेल. ग्लू आरपार गेला याची ती खूण.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सुटलेला भाग रुंदीत कुठे आहे ते लिहून ठेवा. डावीकडेच सुटतो, मधोमध सुटतो की सगळीकडे? एकाच बाजूला सुटत असेल तर कारण मशीनमध्ये शोधा. सगळीकडे सुटत असेल तर ग्लू, कागद किंवा हवा.

पायरी २: जंबो रोल

जंबो म्हणजे मिलमधून येणारा कागदाचा मोठा रोल. कागदावर मी थोडक्यात लिहितो, कारण तो बहुधा आपल्या हातात नसतो. तरी तीन गोष्टी बघाव्यात.

मऊपणासाठी मिलमध्ये सॉफ्टनर घातलेला असतो. तो तंतूंमधलं धरून ठेवणं कमी करतो आणि ग्लूलाही नीट बसू देत नाही. नवा मऊ कागद आणला आणि त्याच दिवसापासून प्लाय सुटायला लागले, तर मिलवाल्याला हा प्रश्न आधी विचारा. किचन टॉवेलच्या कागदात वेट-स्ट्रेंग्थ रेझिन, म्हणजे ओला झाला तरी कागद टिकवणारं रेझिन, असतं, त्यामुळे तो पाणी वेगळ्या गतीने ओढतो. टॉयलेट रोलचा ग्लू तिथे जसाच्या तसा चालेलच असं नाही.

दुसरं, दोन्ही प्लायचं क्रेप, म्हणजे कागदातल्या बारीक सुरकुत्या, आणि ताण सारखा हवा. एका मिलचा एक आणि दुसऱ्या मिलचा दुसरा जंबो लावून काम भागवायची सवय आपल्याकडे आहे. क्रेप वेगळं असेल तर एक थर ताणून परत आखडतो, दुसरा आखडत नाही, आणि चांगला चिकटलेला ठिपकाही हळूहळू उखडतो.

तिसरं म्हणजे साठवण. टिनाच्या गोडाऊनमध्ये उघडा पडलेला जंबो मे महिन्यात कडांनी वाळून कुरकुरीत होतो आणि आतून बरा राहतो. मशीनवर लावला की कडा ग्लूचं पाणी ताडकन ओढून घेतात. जंबोवरची फिल्म तो मशीनवर लावण्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत काढू नका आणि रोल भिंतीपासून लांब ठेवा.

पायरी ३: ग्लू बनवणं आणि मोजणं

बाजारात तयार ग्लू मिळतो आणि बरेच जण तोच पाणी घालून वापरतात. काही जण पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, म्हणजे पीव्हीए पावडर, स्वतः शिजवतात. ज्याला आपण फेव्हिकॉलसारखा पांढरा ग्लू म्हणतो तो पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचं इमल्शन असतो. दुकानदार दोघांनाही पीव्हीएच म्हणतो, तेव्हा घेताना नक्की कोणतं ते विचारा.

पावडर शिजवायची असेल तर ती गरम पाण्यात कधीही टाकू नका, गोळे होतात आणि ते फुटत नाहीत. थंड पाणी, चालू ढवळणी, आणि पीठ पेरतात तशी हळूहळू पेरायची. मग तापवायचं. ८८ टक्के हायड्रोलाइज्ड ग्रेड ८० ते ८५ अंशांना विरघळते. ९८ टक्क्यांच्या वरच्या ग्रेडला ९० ते ९५ अंश लागतात आणि त्या तापमानावर अर्धा ते पाऊण तास ठेवावी लागते. ही दुसरी ग्रेड पाण्याला जास्त टिकते. शिजताना झाकण ठेवा. उडालेलं पाणी थंड झाल्यावर वजन करून परत घाला आणि शंभर मेशच्या जाळीतून गाळा. ही शेवटची दोन कामं लोक टाळतात, आणि मग प्रत्येक बॅच वेगळी निघते.

इथे बोरॅक्सची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. एकदा आमच्याकडे ग्लूचा ड्रम कमी पडला. शेजारच्या बॉक्स बनवणाऱ्या युनिटमधून रिकामा ड्रम आणला, पाण्याने खळखळून धुतला आणि त्यात पीव्हीए भरला. सकाळी हेल्परने काठी बुडवली तर काठीबरोबर सगळा ग्लू लांबच लांब, रबरासारखा वर आला. "हा तर शेंबूड झाला ना भाऊ," तो म्हणाला, आणि खरंच तसंच दिसत होतं. कोरुगेशनच्या स्टार्च पेस्टमध्ये बोरॅक्स असतो, आणि पॉलिव्हिनाइल अल्कोहोलला बोरॅक्सचा अंश लागला की त्याचे रेणू एकमेकांना बांधले जाऊन जेली होते. दोनशे लिटर माल गटारात गेला. तेव्हापासून स्टार्च, डेक्स्ट्रिन आणि पीव्हीए यांचे ड्रम, बादल्या, पंप सगळे वेगळे, आणि त्यांवर रंगाने मोठी खूण.

आता मोजमाप. व्हिस्कोसिटीसाठी, म्हणजे ग्लूच्या दाटपणासाठी, बी-४ फोर्ड कप, म्हणजे बुडाला भोक असलेला छोटा पेला, असला तरी पुरतो. कप भरायचा, बोट काढायचं, धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. पण सेकंदांशेजारी ग्लूचं तापमान लिहिलं नसेल तर तो आकडा निरुपयोगी आहे. सकाळी सातला २८ अंशांवर मोजलेला ग्लू दुपारी ४० अंशांवर पातळ दिसतो. ऑपरेटर म्हणतो पतला झाला, आणि नवा घट्ट ग्लू ओततो. खरं तर त्या ग्लूतलं पाणी उडून सॉलिड वाढलेलं असतं, फक्त उष्णतेने ते झाकलं जातं. संध्याकाळी शेड थंड झाली की तोच ग्लू दाट होऊन रोलवर चढतो.

या फसवणुकीवर उपाय आपल्या संत्र्याच्या बागांतच आहे. फळ तोडायच्या आधी रसाची गोडी बघायला बागायतदार जो हँड रिफ्रॅक्टोमीटर वापरतात, तोच घ्या. पारदर्शक पीव्हीए किंवा सीएमसीच्या (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजच्या) ग्लूचा एक थेंब काचेवर टाकला की ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या पदार्थाचा, आकडा मिळतो. तो थेट सॉलिड टक्का नसतो, म्हणून एकदा तक्ता बनवावा लागतो. ३, ४, ५, ६ टक्क्यांचे मोजून केलेले नमुने घ्या, प्रत्येकाचा ब्रिक्स लिहा आणि भिंतीवर चिकटवा. पांढऱ्या, दुधाळ इमल्शनला हे यंत्र नीट वाचता येत नाही. तिथे पाच ग्रॅम ग्लू वाटीत घेऊन १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत सुकवा, उरलेलं वजन भागिले पाच, गुणिले शंभर.

पातळ करायचं पाणी कोणतं? बोअरचं पाणी जड असेल तर सीएमसीसारख्या ग्लूची व्हिस्कोसिटी पडते, आणि रोलवर पांढरी पुटंही धरतात. आरओचं किंवा निदान नळाचं पाणी वापरा, आणि रोज तेच वापरा. चालू ट्रेमध्ये मगाने पाणी ओतणं हा गुन्हा समजा. ड्रममध्ये पातळ करा, हळू ढवळा, फेस करू नका. फेस झालाच तर डिफोमरचे थेंब मोजून घाला. जास्त झाला तर ग्लूच्या थरात डोळे पडतात आणि ठिपके अर्धवट लागतात.

पायरी ४: वाढवायच्या आधी गणित करा

ग्लू वाढवल्याने नुकसान का होतं ते एका उदाहरणात बघा. समजा दोन प्लाय, प्रत्येकी १६ जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम). एक चौरस मीटर माल ३२ ग्रॅमचा. म्हणजे एक टन कागदात ३१,२५० चौरस मीटर माल निघतो. टनामागे ४० किलो ओला ग्लू जात असेल तर चौरस मीटरवर सुमारे १.२८ ग्रॅम ग्लू पडला. सॉलिड ५ टक्के धरले तर चिकट पदार्थ जेमतेम ०.०६४ ग्रॅम, आणि पाणी ३८ किलो. म्हणजे मालाची ओल जवळपास ४ टक्क्यांनी वाढली. ग्लू दुप्पट केला की ही वाढ साडेसात टक्क्यांच्या वर जाते. कागदाचं क्रेप सैल पडतं, रोलमध्ये थर एकमेकांना धरतात, वाळल्यावर माल कडक होतो.

चिकटपणा वाढवायचाच असेल तर ओल्या ग्लूचं प्रमाण तेच ठेवून सॉलिड अर्ध्या टक्क्याने वाढवा. उन्हाळ्यात आम्ही उलट करतो. सॉलिड किंचित कमी ठेवतो, म्हणजे ग्लू जास्त वेळ ओला राहतो, आणि बाकीचं काम हवेवर सोपवतो.

पायरी ५: शेडची हवा

माझ्या मते नागपुरातल्या युनिटला यापेक्षा स्वस्त आणि जास्त परिणाम देणारी सुधारणा नाही. मशीनजवळ, ग्लू युनिटच्या उंचीवर, एक तापमान-आर्द्रता मीटर टांगा. नवतप्यात दुपारी तो शेडमध्ये काय दाखवतो ते बघूनच घाम फुटेल.

उपाय म्हणजे आपला नेहमीचा मोठा डेझर्ट कूलर. बाहेरची हवा जितकी कोरडी तितका तो जास्त काम करतो. म्हणजे ज्या दिवशी गरज सर्वांत मोठी, त्या दिवशी त्याचं काम सर्वांत चांगलं. पण त्याचं तोंड मशीनकडे किंवा जंबो रोलकडे करू नका. उडणारे थेंब कागदाची कड भिजवतात, तिथेच चालता कागद तुटतो, आणि ग्लूच्या ट्रेवर वारा बसला की साय आणखी लवकर धरते. भिंतीत बसवून हवा वरून हॉलमध्ये पसरू द्या आणि समोरच्या बाजूला थोडी फट ठेवा. आम्ही ५० ते ५५ टक्के आर्द्रतेच्या आसपास राहायचा प्रयत्न करतो. हवेत ओल आली की स्थिर वीज आणि उडणारी कागदाची धूळही कमी होते.

ग्लूचा ड्रम पश्चिमेच्या टिनाच्या भिंतीला टेकून ठेवू नका. ट्रेवर झाकण लावा, रिटर्न पाइपचं तोंड ग्लूच्या पातळीखाली ठेवा म्हणजे वरून पडून फेस होणार नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये सगळं उलटं होतं. कूलर बंद, एक्झॉस्ट चालू. दमट कागद पाणी कमी ओढतो, म्हणून ग्लू थोडा दाट आणि कमी लावा. लॉग, म्हणजे मशीनवरून निघालेला लांब गुंडाळा, लगेच कापायला घेऊ नका. उन्हाळ्यात जो लॉग लगेच लॉग-सॉवर (कापायच्या करवतीवर) चढतो, त्याला पावसाळ्यात जास्त वेळ विसावू द्यावं लागतं, नाहीतर ब्लेडच्या ओढीने थर सरकतात.

आणि हिवाळा विसरू नका. डिसेंबर-जानेवारीत रात्रपाळीला पारा दहाच्या खाली जातो. पांढऱ्या इमल्शन ग्लूला सलग पापुद्रा बनायला एक किमान तापमान लागतं, बऱ्याच ग्लूंसाठी ते १० ते १५ अंशांच्या आसपास असतं. त्याखाली तो खडूच्या भुकटीसारखा वाळतो. रात्रीचाच माल सुटत असेल आणि दिवसाचा नाही, तर दुसरं कारण शोधायच्या आधी ग्लूत थर्मामीटर बुडवा.

पायरी ६: ग्लू युनिट

आता मशीन. हात लावायच्या आधी मेन स्विच बंद, कुलूप, आणि चावी आपल्या खिशात. चालू निपजवळ, म्हणजे दोन रोल एकमेकांना भिडतात तिथे, फडका घेऊन जाणारा ऑपरेटर कितीही जुना असो, त्याला तिथून उठवा.

ॲनिलॉक्स रोल, म्हणजे बारीक खड्ड्यांत ग्लू उचलणारा रोल, असेल तर त्याचे खड्डे किती भरलेत ते भिंगातून बघा. सुकलेला ग्लू आणि कागदाची धूळ मिळून ते बुजतात, आणि आपण समजतो की ग्लू कमकुवत झाला. सिरॅमिक रोलवर स्टीलचा ब्रश कधीही चालवू नका. कोमट पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश आणि ग्लू सप्लायरने सांगितलेलं क्लीनर. डॉक्टर ब्लेडची, म्हणजे रोलवरचा जास्तीचा ग्लू खरवडणाऱ्या पात्याची, कड बोटाने नाही, कागदाच्या पट्टीने तपासा. पट्टी अडकली तर तिथे खाच आहे, आणि मालावर त्याच जागी ग्लूची जाड रेघ येत असणार. ॲनिलॉक्स नसलेल्या, साधा ट्रे आणि रोल असलेल्या मशीनवर रोलमधल्या गॅपवरच सगळं अवलंबून असतं. फीलर गेजने डावी, मधली आणि उजवी अशा तीन जागी मोजा.

मग रंगाची चाचणी घ्या. एक लिटर ग्लूमध्ये चिमूटभर खाण्याचा रंग घाला, मशीन चालू वेगावर आणून पन्नास-शंभर मीटर माल काढा आणि थर उघडून बघा. ठिपका भरीव आणि कडांना स्पष्ट असेल तर सेटिंग बरोबर. मधे फिकट आणि कडेने गडद रिंगण दिसत असेल, तर ग्लू लावणारा ॲप्लिकेटर रोल एम्बॉसच्या टोकांवर फार दाबला जातोय आणि ग्लू बाजूला पिळला जातोय. शेपटी असलेला ठिपका म्हणजे ॲप्लिकेटर आणि कागदाचा वेग जुळत नाही. आणि टोकांच्या खाली, एम्बॉसच्या दरीतही रंग दिसला तर थोड्याच वेळात स्टील रोलवर ग्लूचे थर चढायला सुरुवात होणार. रंगीत माल वेगळा करून टाकून द्या. तो पाकिटात गेला तर काय होतं ते विचारू नका.

पायरी ७: एम्बॉस आणि मॅरिंगचा दाब

स्टील आणि रबर रोलचा दाब डोळ्यांनी ठरत नाही. मशीन बंद असताना पांढरा कागद आणि कार्बन पेपर रोलमध्ये ठेवा, चालू असताना देता तेवढाच दाब द्या, रोल उघडा आणि उमटलेल्या पट्ट्याची रुंदी दोन्ही कडांना आणि मधे मोजा. कडांना रुंद आणि मधे अरुंद असेल तर रोल वाकतोय किंवा रबर मधे झिजलंय. असा रोल असताना दाब वाढवला की कडांचा कागद चिरडतो आणि मधला तरीही सुटाच राहतो.

रबर वयाने आणि उष्णतेने कडक होतं. सहा महिन्यांतून एकदा कडकपणा मोजणाऱ्या शोर ए ड्युरोमीटरने तपासा आणि नवा असतानाच्या आकड्याशी ताडून बघा. कडक रबरावर एम्बॉस उथळ येतो, टोकं नीट उभी राहत नाहीत, आणि ग्लू टोकांऐवजी सपाट भागावर जातो.

मॅरिंग रोल लावण्याची माझी पद्धत साधी आहे. चालू वेगावर दाब हळूहळू कमी करत जायचं, थर सुटायला लागले की थांबायचं, आणि तिथून थोडासाच वाढवायचा. उलट्या बाजूने, म्हणजे वाढवत वाढवत गेलो की आपण नेहमी गरजेपेक्षा जास्त दाबावर थांबतो. मग ग्लू आरपार जातो आणि मॅरिंग रोलवर पांढरे कण चढू लागतात.

टेन्शनबद्दल एवढंच: जंबो उलगडणाऱ्या दोन्ही अनवाइंडचा ब्रेक जंबो बारीक होत जाईल तसा कमी व्हायला हवा. हाताने कमी करायचा असेल तर कोणत्या व्यासाला किती, हे मशीनवर खडूने लिहून ठेवा.

पायरी ८: मोहरीची चाचणी

मोठ्या प्रयोगशाळेत थर ओढून सोडवण्याची ताकद टेन्साइल यंत्रावर मोजतात, तीही ठरलेल्या हवेत. आंतरराष्ट्रीय प्रथेत ती २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रता, उष्ण देशांसाठी २७ अंश आणि ६५ टक्के. आपल्याकडे ते यंत्र नसेल तर इतवारीतल्या सराफ्यात दिसतो तसा बारीक काटा, ०.०१ ग्रॅमचा, पुरतो.

मालाची ५० मिलिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर लांब पट्टी कापा. एका टोकाला थर दोन सेंटिमीटर सोडवा. वरचा थर चिमट्याने टांगा, खालच्या थराला अगदी हलकी प्लास्टिकची पिशवी लावा. पिशवीत मोहरीचे दाणे थोडे थोडे टाकत जा. पट्टी सावकाश पण न थांबता उलगडायला लागली की थांबा. पिशवी, तिचा चिमटा आणि दाणे मिळून वजन करा. डावी, मधली आणि उजवी अशा तीन जागांच्या पाच-पाच पट्ट्या घेतल्या की चित्र स्पष्ट होतं. कूलर चालू असलेल्या खोलीतच करा, पंखा बंद करून. तुमचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी जुळवायचा नाही, तुमच्याच चांगल्या मालाच्या आकड्याशी ताडायचा.

हीच चाचणी माल निघाल्यावर दहा मिनिटांनी आणि पुन्हा चोवीस तासांनी करा. दहा मिनिटांनी कमी आणि दुसऱ्या दिवशी चांगला आला तर काळजी नाही, ग्लूला वेळ लागतोय. सुरुवातीला चांगला आणि दुसऱ्या दिवशी घसरला, तर थर आखडून ठिपके उखडत आहेत. पायरी २ कडे परत जा. मी आणखी एक पाकीट दुपारभर टिनाखाली ठेवतो, कारण कॅटररच्या टेम्पोत माल तेच सहन करतो.

किचन टॉवेलसाठी तर्री-चाचणी करा. हे आमचं नाव. सावजीच्या रश्श्यात तेलही असतं आणि गरम पाणीही. पीव्हीएच्या साध्या बाँडला तेल काही करत नाही, पण गरम पाणी तो परत विरघळवतं. टॉवेल रश्श्यात बुडवून अर्धा मिनिट ठेवा आणि ताटावर चोळा. थर घसरून वेगळे झाले तर वेट-स्ट्रेंग्थवाला लॅमिनेशन ग्लू घ्यावा लागेल. साध्या ग्लूचं प्रमाण वाढवून हे जमत नाही. टॉयलेट रोलचे थर पाण्यात सुटले तर मात्र तक्रार मानू नका, ते विरघळायलाच हवेत.

पायरी ९: हळू वेग, थांबणं आणि सुरू करणं

हा भाग सगळ्यात कमी लोक बघतात आणि रिजेक्शनचा मोठा वाटा इथून येतो. ॲप्लिकेटरपासून मॅरिंग निपपर्यंत समजा ४० सेंटिमीटर अंतर आहे. मशीन मिनिटाला २०० मीटर चालत असताना ग्लूला ते पार करायला ०.१२ सेकंद लागतो. सुरू करताना वेग २० मीटर असेल तर १.२ सेकंद, म्हणजे दहापट. मे महिन्यात तेवढ्यात पाणी कागदात शोषून जातं आणि ठिपका मरतो. म्हणून सुरुवातीचे एक-दोन लॉग सुटतात, आणि ऑपरेटर ते बघून ग्लू वाढवतो, जो पुढे पूर्ण वेगावर जास्त होतो.

वेग गाठेपर्यंतचा माल बाजूला काढायचा नियम करा. त्या पहिल्या लॉगचा निकष लावून सेटिंग बदलायचं नाही. कागद तुटून मशीन थांबली तर ॲप्लिकेटर लगेच उचला, ॲनिलॉक्स फिरत ठेवा. पंधरा मिनिटांहून जास्त थांबणार असेल तर रोलवर ओलं कापड फिरवा, अर्थात मशीन बंद करून.

शनिवारी संध्याकाळी ट्रे रिकामा करायचा, उरलेला ग्लू परत नव्या ड्रममध्ये ओतायचा नाही. उन्हाळ्यात तो दोन दिवसांत आंबतो, वास येतो, आणि चांगल्या ड्रमलाही तेच लागतं. पाइपमधून गरम पाणी सोडा, जाळीवरची धूळ धुवा, आणि वहीत चार आकडे लिहा: कपचे सेकंद, ग्लूचं तापमान, शेडची आर्द्रता, मोहरीचे ग्रॅम. आमच्या वहीत गेल्या नवतप्याच्या एका दुपारी आर्द्रतेच्या रकान्यात ऑपरेटरने आकड्याऐवजी लिहून ठेवलंय, "कूलरची मोटर जळाली", आणि शेजारच्या रकान्यात मोहरीचे ग्रॅम निम्म्यावर आलेले आहेत.